दगड खोटा, दंड खरा
तलवार-सँडलच्या इटालियन चित्रपटांच्या अभ्यासाची प्रस्तावना

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला राजपुरीची खाडी आत शिरते आणि उजव्या हाताला समुद्राला मिळते. त्या तोंडाशी जंजिरा आहे. पलीकडून जंगल जेटी, म्हणजे खाडी ओलांडणारी फेरीबोट, यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात धक्क्यावर जे चालते ते पाहत बसणे हा माझा जुना उद्योग आहे. मासळीचे क्रेट, सिमेंटच्या गोणी, गॅसच्या टाक्या, कोणाच्या तरी लग्नाचे सामान. एक जण ते उचलतो आणि चार जण हात मागे बांधून ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणतात. इटलीत १९५८ ते १९६५ या सात-आठ वर्षांत निघालेल्या दीडशेहून अधिक चित्रपटांची ओळख मी या धक्क्यावरून करून देतो आहे, याचे वाचकाला नवल वाटेल. पण या चित्रपटांचा गाभा एवढाच आहे. एक माणूस काहीतरी जड उचलतो आणि बाकीचे बघत राहतात.

आधी नावाचे पाहू. इंग्रजी बोलणाऱ्या बाजारात या चित्रपटांना ‘तलवार-सँडलचे सिनेमे’ म्हणत, आणि म्हणताना नाक मुरडत. १९६० नंतर फ्रेंच समीक्षकांनी ‘पेप्लम’ हा शब्द रूढ केला. पेप्लोस हे प्राचीन ग्रीक बायकांचे खांद्यावर टाचलेले घोळदार वस्त्र. म्हणजे एकाने पायांकडे पाहून नाव ठेवले, दुसऱ्याने कपड्यांकडे पाहून. मराठीत मी काही दिवस ‘पायताणपट’ म्हणून पाहिले. कोल्हापूरच्या मित्रांना ते भारी आवडले. पण पायताण म्हटले की आपल्याला ते हातात घेतलेलेच दिसते, आणि या चित्रपटांतला नायक पायताण हातात घेत नाही, खांब घेतो. म्हणून पुढे ‘पेप्लम’ हाच शब्द वापरला आहे. या पेप्लमचा काळ सोयीचा असतो. रोम, कार्थेज, ग्रीक पुराणे, इजिप्त, बुडालेले अ‍ॅटलांटिस, क्वचित मंगोल खानाचा दरबारसुद्धा. दंड उघडे ठेवता येतील असा कोणताही काळ चालतो.

या घराण्याचा मूळपुरुष जुना आहे. १९१३ साली एन्रिको ग्वात्सोनी यांचा ‘क्वो वादिस’ इटलीत आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’. दोन्हीकडे नवे यंत्र जुन्या कथेच्या काठीने चालायला शिकले. पुढच्या वर्षी तुरिन शहरात जोव्हान्नी पास्त्रोने यांनी ‘काबिरिया’ केला. रोम आणि कार्थेज यांच्या दुसऱ्या युद्धाची पार्श्वभूमी, मुलांचे बळी घेणाऱ्या मोलोखचे अजस्र मंदिर, गाड्यावर बसवून हळूहळू पुढे सरकणारा कॅमेरा, आणि पाट्यांवरच्या मजकुराला गाब्रिएले द’अन्नुंत्सिओ या बड्या कवीचे नाव. चित्रपटाच्या इतिहासात ‘काबिरिया’चे स्थान या गोष्टींमुळे आहे. पण थिएटरातून बाहेर पडताना लोकांनी बरोबर नेला तो माचिस्ते. फुल्विओ नावाच्या रोमन माणसाचा हा धिप्पाड गुलाम कथेत दुय्यम आहे. तरी काबिरिया नावाच्या मुलीला वाचवतो तो तोच.

माचिस्तेचे काम करणारा बार्तोलोमेओ पागानो हा नट नव्हता. तो जेनोआच्या गोदीत ओझी वाहत होता. जेनोआच्या बोलीत अशा माणसाला ‘कामाल्लो’ म्हणतात, आणि हा शब्द अरबी ‘हम्माल’वरून, समुद्री व्यापाराबरोबर, तिथे पोचला. आपला ‘हमाल’ही त्याच अरबी शब्दाचा. म्हणजे या चित्रप्रकाराचा पहिला नायक शब्दशः हमाल होता. महाराष्ट्रात १९६९ साली ज्यांच्यासाठी कायदा झाला त्या माथाडी कामगारांचा हा सख्खा भाऊ, फक्त त्याच्या अंगावर सिंहाचे किंवा चित्त्याचे कातडे घातलेले. पागानोने पुढे दहा-बारा वर्षे माचिस्तेच केला. कधी तो पहिल्या महायुद्धात आल्प्सच्या डोंगरी पलटणीत लढला, कधी नरकात उतरला. नाव तेच, काळ कोणताही.

मला या पुस्तकात जे सांगायचे आहे ते इथेच आले. पेप्लम हा रोमविषयीचा चित्रपट नाही, ओझ्याविषयीचा आहे. त्यातला राजवाडा पुठ्ठ्याचा, इतिहास ढिसाळ आणि दगड पोकळ असतो, पण तो उचलणारा दंड खरा असतो. तो दंड कोणी कशासाठी कमावला, तो कोणाच्या चाकरीत आहे आणि काम झाल्यावर त्या माणसाला काय मिळते, हे विचारायला लागलो की पोरकट वाटणारे हे चित्रपट बोलू लागतात.

मराठी वाचकाला हे प्रश्न परके नाहीत. आपल्या कल्पनेतला बलवान माणूस राजा नसतो, सेवक असतो. गावाच्या वेशीवर आणि तालमीच्या कोनाड्यात आपण मारुती बसवतो. त्याची दोन रूपे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतात: हात उगारलेला वीरमारुती आणि हात जोडलेला दासमारुती. पेप्लमचा नायक दीड तास वीरमारुती असतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत दासमारुती होतो. दुष्ट राणी मरते, खऱ्या वारसाला सिंहासन मिळते, आणि नायक गाठोडे उचलून पुढच्या गावाला जातो. भीमाचेही तसेच. विराटाच्या घरी तो बल्लव होऊन स्वयंपाक करतो, आणि कीचकाला मारतो तो राजपुत्र म्हणून नव्हे, आचारी म्हणून. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. त्याच कथेवर बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली केला. त्यातला कीचकाचा वध इतका खराखुरा वाटला की आक्षेप येऊन ते दृश्य गाळावे लागले. चाकरीतल्या माणसाच्या दंडाला सत्ता का घाबरते, हे समजायला आपल्याला रोमला जावे लागत नाही.

या खाडीच्या तोंडाशीही एक गोष्ट सांगतात. लाय पाटील नावाच्या कोळ्याने रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. ज्यांनी त्यांवरून चढून जायचे ते मोरोपंत पिंगळ्यांचे लोक वेळेवर आले नाहीत. उजाडायच्या आत शिड्या काढून तो परतला. शिवाजी महाराजांनी पालखीचा मान देऊ केला, तेव्हा दर्यावर राहणाऱ्या माणसाला पालखी काय कामाची, असे म्हणून त्याने ती नम्रपणे नाकारली. मग महाराजांनी गलबत बांधवून त्यालाच ‘पालखी’ नाव दिले आणि ते त्याच्या हवाली केले. ही परंपरेने आलेली कथा आहे आणि तिच्याकडे तसेच पाहावे. पण पेप्लमच्या शेवटच्या पाच मिनिटांचा इतका नेमका नमुना मला इटालियन पटकथांतही सापडला नाही.

इथे नव्या अभ्यासकाला सावध करायला हवे. सेवकाच्या दंडाचे कौतुक करणारे सगळेच सेवकाचे मित्र नसतात. ‘काबिरिया’ आला तेव्हा इटलीने १९११-१२ च्या युद्धात तुर्कांकडून लिबिया घेऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर रोम जिंकते ही गोष्ट त्या वर्षी प्राचीन नव्हती. १९३७ साली कार्मिने गाल्लोने यांचा ‘शिपियोने ल’आफ्रिकानो’ सरकारी पाठबळावर तयार झाला. इथियोपिया पादाक्रांत करून एक वर्ष उलटले होते. व्हेनिसच्या महोत्सवात इटालियन चित्रपटासाठीचा मुसोलिनी करंडक त्याला मिळाला. त्याच महोत्सवात दामले-फत्तेलाल यांच्या, प्रभातच्या ‘संत तुकाराम’चाही गौरव झाला. एका पडद्यावर हत्ती, फौजा आणि साम्राज्य, दुसऱ्यावर राजाचा नजराणा परत पाठवणारा देहूचा वाणी. त्या वर्षीच्या व्हेनिसबद्दल मराठीत लिहिताना आपण दुसऱ्याचे नाव अभिमानाने घेतो. पहिल्याचेही घ्यावे, म्हणजे तुकोबांची सोबत कोणाशी पडली होती ते कळेल.

आगरदांड्याला या गोष्टीचा आणखी एक पदर आहे. जंजिऱ्याचे संस्थान जुन्या कागदांत ‘हबसाण’ नावाने येते. हबश म्हणजे अ‍ॅबिसीनिया, आजचा इथियोपिया. आफ्रिकेच्या त्या बाजूने आलेले सिद्दी, ज्यांच्यातले अनेक मुळात गुलाम म्हणून विकले गेले होते, या किनाऱ्यावर आरमाराचे आणि किल्ल्याचे धनी झाले आणि १९४८ पर्यंत राज्य करून राहिले. आता ‘काबिरिया’कडे पुन्हा पाहा. त्यातला माचिस्ते काळा आफ्रिकी गुलाम आहे, आणि जेनोआच्या गोऱ्या पागानोला त्यासाठी काळा रंग फासला आहे. माचिस्ते लोकप्रिय झाला, राष्ट्राचा लाडका झाला, तसा पुढच्या चित्रपटांत तो रंग धुतला गेला आणि तो सरळ इटालियन झाला. ताकद ठेवून घेतली, ज्याच्या नावावर ती आधी मांडली होती तो माणूस गाळला. पेप्लममधल्या वर्णभेदावर पाश्चात्त्य विद्यापीठांत पुष्कळ लिहिले गेले आहे. हबसाणच्या किनाऱ्यावर उभे राहून मात्र अजून कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. नव्या अभ्यासकासाठी ही रिकामी जागा आहे.

आता भरभराटीच्या वर्षांकडे येऊ. १९५८ च्या सुरुवातीला पिएत्रो फ्रांचिस्की यांचा ‘ले फातीके दि एर्कोले’ इटलीत लागला. नायक स्टीव्ह रीव्ह्ज हा १९५० चा मिस्टर युनिव्हर्स, छायाचित्रण मारिओ बाव्हा यांचे. जोसेफ लेव्हिन या अमेरिकी वितरकाने हक्क घेतले आणि किमतीच्या कितीतरी पट पैसा जाहिरातीत ओतून पुढच्या वर्षी तो अमेरिकेत एकाच वेळी शेकडो थिएटरांत लावला. तिथे त्याचे नाव नुसते ‘हर्क्युलिस’ झाले. मूळ नावाचा अर्थ आहे ‘हर्क्युलिसचे कष्ट’. इटालियनमध्ये ‘फातीका’ म्हणजे श्रम, दमणूक, आणि नेपल्सकडच्या बोलीत तर ‘फातीका’ म्हणजे रोजचे काम, मजुरी. नेपल्सच्या पिटातल्या प्रेक्षकाला पाटीवर जे वाचता आले ते न्यूयॉर्कच्या पाटीवर नव्हते.

तो प्रेक्षक कोण होता? रिचर्ड डायर या इंग्रज अभ्यासकाने १९९७ च्या ‘व्हाइट’ या पुस्तकात याचे उत्तर दिले आहे, आणि या विषयात शिरताना आधी वाचावे असे ते एक प्रकरण आहे. युद्धानंतरच्या इटलीत दक्षिणेकडचे लाखो लोक शेती सोडून तुरिन-मिलानच्या कारखान्यांत चालले होते. बापजाद्यांची सारी प्रतिष्ठा अंगमेहनतीत होती, आणि नव्या जगात यंत्रापुढे त्या अंगाला किंमत राहिली नव्हती. अशा वेळी पडद्यावर एक माणूस येतो आणि यंत्राने करायचे काम दंडाने करून दाखवतो: चाक फिरवतो, साखळदंड तोडतो, छत पेलून धरतो. गावच्या तिसऱ्या फेरीच्या थिएटरांत आणि चर्चच्या सभागृहांत या चित्रपटांवर शिट्ट्या पडल्या त्या बाहेर हरलेल्या ताकदीसाठी होत्या. मुंबईच्या गिरणगावात राहून घाटावरच्या तालमीची आठवण काढणाऱ्या कामगाराला हे कोणी समजावून सांगायची गरज पडली नसती.

नायकही अशाच घरांतले. व्हेनिसमध्ये नाव वल्हवणारा आद्रियानो बेल्लिनी ‘कर्क मॉरिस’ झाला आणि माचिस्ते म्हणून गाजला. सर्जिओ चानी ‘अ‍ॅलन स्टील’ झाला. परदेशी बाजारासाठी नावे बदलत, तशी आवाजाचीही अदलाबदल होई. चित्रण मुके, आवाज मागाहून भरलेला, नायकाच्या तोंडी भलत्याचाच गळा. माचिस्ते हे नाव बाहेर कोणाला ठाऊक नव्हते म्हणून इंग्रजी प्रतींत तो सॅमसन, गोलायथ, अ‍ॅटलस किंवा हर्क्युलिस होई. एकच चित्रपट चार नावांनी चार देशांत फिरे. त्यामुळे या क्षेत्रातले पहिले कष्टाचे काम ओळखपरेडीचे आहे: समोरची प्रत नेमकी कोणत्या चित्रपटाची, कोणत्या भाषेतली, किती कापलेली. ज्याला पोथ्यांच्या पाठभेदांची सवय आहे अशा मराठी संशोधकाचा हात इथे चटकन बसतो.

थोड्या पैशांत चित्रपट उरकण्याच्या या कारखान्यातून मोठे दिग्दर्शक बाहेर पडले. बाव्हा यांनी १९६१ च्या ‘एर्कोले’पटात मोजके खांब आणि रंगीत दिवे यांच्यावर अख्खा पाताळलोक उभा केला. व्हित्तोरिओ कोत्ताफाव्ही यांनी थट्टा आणि गांभीर्य एका ताटात वाढले. सर्जिओ लेओने यांनी १९६१ साली ‘रोडसचा महापुतळा’ केला आणि १९६४ साली नायकाच्या डोक्यावर टोपी घालून त्याला मेक्सिकोच्या सरहद्दीवर सोडले. ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ चालल्याबरोबर निर्मात्यांनी सँडल काढून बूट चढवले. वर्ष-दीड वर्षात पेप्लम संपला.

याच वर्षांत मुंबईत काय चालले होते? १९५८ मध्ये, ‘हर्क्युलिसच्या कष्टां’च्याच वर्षी, बिमल रॉय यांनी मुंबईच्या स्टुडिओत रोम उभारले. ‘यहुदी’ मध्ये दिलीपकुमार रोमन राजपुत्र आहे, सोहराब मोदी ज्यू जवाहिऱ्या आणि मीनाकुमारी त्याची मुलगी. मूळ नाटक आगा हश्र काश्मिरींचे, पारशी रंगभूमीचे, आणि त्याचेही मूळ १८३५ च्या युरोपीय ऑपेऱ्यापर्यंत जाते. आपल्या रोमची भाषा उर्दू आहे आणि तिथे दंडापेक्षा जीभ चालते, म्हणून तो पेप्लम नव्हे, चुलतभाऊ. पण रायगडच्या वाचकाने हा चित्रपट पाहताना आपल्या किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे यहुदी आठवावेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले हे बेने इस्रायल लोक गावाचे नाव आडनावात घेऊन हिंडले. हिब्रू प्रार्थना मराठीत आणणारे जोसेफ इझिकेल राजपूरकर, हसऱ्या चेहऱ्याचे नट डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आणि ‘आलम आरा’ ज्यांच्या नाटकावरून झाला ते जोसेफ डेव्हिड पेणकर. हेच पेणकर पुढे वाडिया मूव्हीटोनसाठी लिहीत होते, म्हणजे चाबूकवाल्या नाडियाच्या मारधाडपटांच्या घरात. भारतीय साहसपटाच्या मुळाशी पेणची माती थोडी लागली आहे.

खरा देशी पेप्लम मात्र दारासिंगांचा. पंजाबच्या खेड्यातून आलेला हा पैलवान सिंगापूरला कारखान्यात काम करीत कुस्ती खेळला आणि १९६२ च्या ‘किंगकाँग’पासून पडद्यावर नायक झाला. पाठोपाठ ‘फौलाद’, आणि १९६४ साली ‘सॅमसन’ व ‘हर्क्युलिस’. वर्षे ताडून पाहा: इटलीचा बहर आणि हा बहर एकाच ऋतूतला आहे. ही नक्कल म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून ते पाहणाऱ्याला रोम माहीत नव्हते आणि माहीत असण्याची गरजही नव्हती. त्याला आखाडा माहीत होता. याच काळात, १९६३ साली, ‘रुस्तम सोहराब’ दिग्दर्शित केला तो विश्राम बेडेकरांनी, ‘रणांगण’ लिहिणाऱ्या. त्या दोन कलाकृती एकत्र ठेवून अजून कोणी पाहिल्या आहेत असे दिसत नाही.

वाचक विचारेल, मग भालजी पेंढारकरांचे काय? ‘मराठा तितुका मेळवावा’ १९६४ चा, त्यातही तलवारी आहेतच. माझ्या मते तो पेप्लम नाही, आणि फरक तलवारीचा नाही. शिवकालीन चित्रपटातल्या नायकाला कुळ, गाव आणि इतिहास असतो. त्याच्यापुढे प्रेक्षक चपला काढून बसतो. पेप्लमचा नायक कुठून आला हे कोणाला ठाऊक नसते, आणि त्याला हसायला मुभा असते. भक्ती आणि गंमत यांच्या मधल्या या भिंतीवर पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे.

राहिले खरे रोम. ते या खाडीत येऊन गेले असण्याचा दाट संभव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी मार्गदर्शिकेत चौलच्या पुढे ‘मंदगोर’ बंदर येते. काही अभ्यासक ते बाणकोट-मंडणगडाकडे शोधतात. काहींच्या मते ते या खाडीच्या आतल्या टोकाचे मांदाड. मांदाडजवळच कुड्याची लेणी आहेत, सव्वीस, आणि तिथल्या लेखांत दान देणाऱ्यांमध्ये माळी आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. पेरिप्लसकार भडोचला खपणाऱ्या मालाची यादी देताना सांगतो की दारू चालते, त्यातही इटलीची जास्त. रोम इथे तलवार घेऊन आले नाही, माल घेऊन आले. तो गलबतावरून कोणाच्या तरी पाठीवर उतरला, आणि त्या पाठीचे नाव कोणत्याही लेखात नाही.

या व्यापाराची एक सुंदर खूण कोल्हापुरात आहे. १९४४-४५ च्या सुमारास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर रोमन बनावटीच्या ब्राँझच्या वस्तू मिळाल्या, त्यांत समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती. आज ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. तिची घडण लिसिपोस या ग्रीक शिल्पकाराच्या नमुन्याशी जोडली जाते. नेपल्सच्या संग्रहालयातला, थकून गदेवर टेकलेला प्रचंड हर्क्युलिसही त्याच शिल्पकाराच्या नमुन्याचा, आणि शरीरसौष्ठवाच्या मंचावर उभे राहणारे रीव्ह्जसारखे लोक शतकभर त्याचीच उभे राहण्याची ढब गिरवत आले. म्हणजे पेप्लमच्या नायकाचा धाकटा भाऊ तालमींच्या आणि चित्रपटांच्या गावात, मातीखाली, दोन हजार वर्षे पडून होता. बाबूराव पेंटर त्याच गावात भीमाला उभा करीत होते, आणि दोघांत टेकडीभर अंतर होते.

सुरुवात कुठून करावी? ‘काबिरिया’, ‘हर्क्युलिसचे कष्ट’, बाव्हांचा पाताळातला ‘एर्कोले’, ‘यहुदी’, आणि दारासिंगांचा कोणताही एक. पहिल्या वेळी आवाज बंद करून पाहा. भरलेला आवाज तसाही नायकाचा नसतो. कोण काय उचलतो आणि कोण नुसते बघते एवढेच टिपून ठेवा. दुसऱ्या वेळी राणीकडे पाहा: या चित्रपटांत डोके बहुधा तिलाच असते आणि म्हणूनच तिला मरावे लागते. तिसऱ्या वेळी तारखा काढा, त्या वर्षी बाहेर कोणते युद्ध आणि कोणते स्थलांतर चालले होते ते. प्रती मिळवायची घाई करा. त्या काळची रंगीत फिल्म गुलाबी होत विटते, आणि आपल्याकडे ‘सैरंध्री’ही उरलेला नाही आणि ‘आलम आरा’ही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले, तोवर पुष्कळ काही गेले होते.

आणि हसू आले तर हसा. हर्क्युलिसने फेकलेला कातळ जमिनीवर पडून चेंडूसारखा उसळी घेतो, तेव्हा न हसणारा अभ्यासक या क्षेत्रात टिकत नाही. फक्त हसून झाल्यावर तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावा आणि दगड सोडून त्याच्याखालच्या पायांकडे पाहा. वजन नाही हे ठाऊक असूनही गुडघे वाकलेले असतात, टाचा रोवलेल्या असतात, मानेची शीर ताठ असते. हे कोणी शिकवलेले नाही. जेनोआच्या गोदीत, व्हेनिसच्या नावेवर किंवा आखाड्यात ते शरीरात मुरलेले आहे.

या खाडीच्या तोंडाशी खऱ्या दगडांचाही एक प्रसंग घडला. १६८२ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांनी किनारा आणि जंजिरा यांच्यामधला समुद्र दगडांनी भरून काढायला घेतला. मोगल फौज कल्याणकडे उतरली आणि काम अर्ध्यात सोडावे लागले. किती लोकांनी किती दिवस ते दगड वाहिले, त्यांची नावे काय, याचा हिशेब बखरींत नाही. पेप्लमचे पोकळ दगड पाहताना मला ते बुडालेले दगड आठवतात, आणि त्या चित्रपटांचा थोडा राग येतो, थोडा लोभ वाटतो. ओझे खोटे दाखवले, पण ज्याने ते वाहिले त्याला निदान पडद्याच्या मध्यभागी उभे केले.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचावीत. जेटी लागली आहे. समोरचा माणूस गोणी खांद्यावर घेण्याआधी गुडघे वाकवतो आहे.

आगरदांडा, ता. मुरूड, जि. रायगड